मदत हवी आहे: टेरिपॅराटाइडचं पेन एसटीच्या प्रवासात थंड कसं ठेवायचं?

आईला हाडांच्या ठिसूळपणासाठी टेरिपॅराटाइडचं इंजेक्शन चालू आहे, पेनने रोज २० मायक्रोग्रॅम. पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं, पहिल्या डोसनंतर २८ दिवसांनी टाकायचं आणि गोठलं तर वापरायचंच नाही. घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात उत्तम चाललंय.

आता गणपतीत स्वारगेटहून एसटीने दापोलीला जायचंय. घाटातली गर्दी धरून सात-आठ तास. तिथे घरी फ्रिज आहे, प्रश्न फक्त वाटेतला.

घरी तालीम केली: डब्यात जेल पॅक, टॉवेल, शेजारी डिजिटल थर्मामीटर. पॅक थेट फ्रीझरमधला असला की आकडा शून्याखाली. लसवाल्यांसारखा, हलवल्यावर आत पाणी वाजेपर्यंत बाहेर ठेवून घातला तर सुरुवात झकास, पण दुपारपर्यंत आकडा बारा अंशांवर. पाण्यात भिजवायचे इन्शुलिनचे पाऊच कृपया सुचवू नका. ते बाष्पीभवनावर चालतात, ८ अंशांपर्यंत उतरत नाहीत आणि कोकणातल्या दमट हवेत तर विचारूच नका. डोस चुकवायचा नाही, पेन महाग, त्यामुळे जास्तीचं घेणं शक्य नाही.

५ अंशांच्या आसपास वितळणारे पॅक पुण्यात किरकोळीत कुठे मिळतात? आणि पेनाएवढ्या छोट्या डब्यात ते आठ तास खरंच टिकतात का, कुणी मोजून पाहिलंय?