थेट प्रक्षेपण नेमके कधी आणि कोणत्या वाहिनीवर, हे खात्रीने कसे कळावे?

प्रश्न (क्रीडाशिक्षक, आष्टी तालुका, जि. बीड)

नमस्कार. धावपटू अविनाश साबळे आमच्याच तालुक्यातील मांडव्याचा असल्यामुळे आमच्या शाळेतील मुलांना ३००० मीटर स्टीपलचेसचे, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या घेत धावण्याच्या शर्यतीचे वेड लागले आहे. पाण्याच्या अडथळ्यावर पाय कुठे पडतो, उडी उतरताना वेग कसा राखला जातो, हे त्यांनी परदेशातील शर्यतींत थेट पाहावे, अशी माझी मनापासून इच्छा असते. परंतु प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीच्या संकेतस्थळावर वेळापत्रक शोधणे हेच मोठे काम होऊन बसते. मुखपृष्ठभर क्रिकेट असते, वेळापत्रकाचा दुवा पार तळाशी असतो, आणि तो उघडल्यावर दिवसभराच्या कार्यक्रमांची आडवी पट्टी मोबाईलवर सरकवत गेले की अखेरीस 'ॲथलेटिक्स' एवढाच शब्द आणि चार तासांचा रकाना हाती लागतो. शर्यत आठ-सव्वाआठ मिनिटांची. ती त्या चार तासांत केव्हा आहे, याचा कुठेच पत्ता नसतो. गेल्या हंगामात पालकांची परवानगी घेऊन मुलांना रात्री शाळेत बोलावले, तर त्या रकान्यात आदल्या दिवसाची क्षणचित्रे लागली. 'थेट' आणि 'पुनःप्रक्षेपण' हा भेद तरी लिहायला नको का? यावर कोणाकडे खात्रीचा उपाय असल्यास कृपया सांगावा.

उत्तर (परभणी)

सर, आपली तक्रार अगदी रास्त आहे. माझा अनुभव असा की सुरुवात वाहिनीपासून करूच नये. आयोजकांच्या, म्हणजे जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या किंवा त्या स्पर्धेच्या संकेतस्थळावर प्रत्येक शर्यतीची वेळ स्वतंत्र दिलेली असते. ती आधी टिपून घ्यावी आणि मगच ती वेळ वाहिनीच्या कोणत्या रकान्यात बसते, हे पाहावे. रकाना त्या वेळेशी जुळत नसेल, तर तो बहुधा क्षणचित्रांचा असतो.

वेळेचे गणित मात्र जपून करावे लागते. उन्हाळ्यात पॅरिस आपल्या साडेतीन तास मागे असते आणि लंडन साडेचार तास. हिवाळ्यात त्यांची घड्याळे तासभर मागे जातात, त्यामुळे हा फरक अनुक्रमे साडेचार आणि साडेपाच तासांचा होतो. खरा घोळ तारखेचा असतो. २०२४ च्या ऑलिंपिकमधील साबळेची अंतिम शर्यत पॅरिसमध्ये ७ ऑगस्टच्या रात्री पावणेदहाच्या सुमारास झाली, तेव्हा आपल्याकडे ८ ऑगस्ट उजाडून सव्वा वाजत आला होता. कॅलेंडरप्रमाणे ती ८ तारीख, पण गावात कोणालाही विचारा, ती ७ तारखेचीच रात्र. म्हणून मुलांना सांगताना 'बुधवारी रात्री जेवणानंतर झोपू नका' असे वारासकट सांगावे. नुसत्या तारखेवर विसंबू नये.

उत्तर (नांदेड, केबल व्यावसायिक)

आणखी एक मुद्दा सांगणे आवश्यक वाटते, कारण त्यावरून आमच्याकडे ग्राहक नेहमी नाराज होतात. राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या स्पर्धांचे प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला देणे २००७ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्यात ऑलिंपिक, आशियाई व राष्ट्रकुल स्पर्धा येतात. मात्र सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये असा निर्णय दिला की, खासगी वाहिनीकडून असे मिळालेले प्रक्षेपण दूरदर्शनने केवळ स्वतःच्या भूप्रक्षेपणावर (साध्या अँटेनावर दिसणाऱ्या) आणि डीडी फ्री डिश या आपल्याच छत्रीसेवेवर दाखवावे. त्यामुळे वेळापत्रकात 'डीडी स्पोर्ट्स' असे वाचून कोणी केबलवर ती वाहिनी लावली, तर तिथे दुसराच कार्यक्रम चालू असू शकतो. त्यात केबलवाल्याचा दोष नसतो. आपल्या शाळेत फ्री डिशची छत्री बसवता आली, तर ती जरूर बसवावी. तिला दरमहा वर्गणी नाही.

प्रश्नकर्ते

दोघांचेही मनःपूर्वक आभार. केबल आणि फ्री डिश यांतील हा फरक मला कोणत्याही वेळापत्रकात लिहिलेला आढळला नाही, आणि प्रेक्षकाला सर्वांत आधी तोच कळायला हवा. छत्रीचा विषय मुख्याध्यापकांपुढे मांडतो. सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटवरील 'गाइड'मध्ये अधिक अचूक माहिती मिळते का?

उत्तर (लातूर)

फारशी नाही. तेथील मजकूरही मुळात वाहिनीकडूनच येतो, त्यामुळे संकेतस्थळावरची संदिग्धता तिथेही उतरते. त्याचा उपयोग एवढाच की, ऐनवेळी कार्यक्रम बदलला तर तो बदल कधीकधी तिथे लवकर दिसतो. म्हणून शर्यतीच्या दिवशी संध्याकाळी एकदा पाहून मगच मुलांना बोलवावे. शिवाय वाहिनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला शाळेच्या पत्रावर लेखी कळवावे, आणि त्यात 'थेट की पुनःप्रक्षेपण' हे प्रत्येक रकान्यात नमूद करावे, एवढी एकच मागणी ठेवावी. आमच्या क्रीडा मंडळाचेही पत्र त्याच आशयाचे जाईल. मसुदा तयार झाला की येथे देतो.