निकाल लागतो, पण अपील कुठे?
असं म्हणतात की डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) केस जिंकली की समोरच्या देशाला ऐकावंच लागतं. कागदावर बरोबर आहे, पण २०१९ नंतर तसं राहिलेलं नाही. अपील ऐकणाऱ्या मंडळात सात सदस्य असतात आणि प्रत्येक अपिलाला किमान तीन लागतात. अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून धरल्या, डिसेंबर २०१९ मध्ये एकच सदस्य उरला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तोही गेला. नेमणुकीला सगळ्यांची सहमती लागते ना, त्यामुळे एकाने नाही म्हटलं तरी संपलं.

आता हरलेला देश सरळ अपील टाकतो, ते ऐकायला कोणी नाही, म्हणून निकाल लागूच होत नाही. इंडोनेशियाच्या निकेल निर्यातबंदीवर युरोपियन युनियन २०२२ मध्ये जिंकलं, इंडोनेशियाने अपील केलं आणि प्रकरण तिथेच अडकलं. युरोपियन युनियन, चीन, ब्राझील, कॅनडा वगैरेंनी २०२० मध्ये आपसात पर्यायी लवादाची सोय केली खरी, पण ती फक्त त्यात सामील झालेल्यांनाच. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण मोठे देश टॅरिफची धमकी देऊन आपलं काम करून घेतात, लहान देशांकडे मात्र हे नियमच होते.