गोळी फेकली, तूप वाढवलं, कोलेस्टेरॉल उतरलं म्हणे!

निशिगंधा: काल ‘रानवारा’ यांनी इथे छाती फुगवून लिहिलं: तेल बंद, रोज दोन चमचे साजूक तूप, दुधीचा रस, आणि तीन महिन्यांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १७२ वरून ११८. सोबत कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचं पाकीट कचऱ्याच्या डब्यात पडलेलं, त्याचा फोटो. खाली अंगठ्यांची रांग. मी गप्प बसणार होते, पण आमच्या ह्यांनी ते वाचून आज सकाळची गोळी घेतली नाही. म्हणून लिहितेय.

आहारानं कोलेस्टेरॉल उतरतं, नाही कोण म्हणतंय? पण किती? बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं लिव्हर स्वतःच बनवतं. ताटातली खरी अडचण संपृक्त चरबीची, म्हणजे तूप-लोण्यासारखी गोठणारी. ती वाढली की रक्तातलं एलडीएल उचलायला लिव्हर कुचराई करतं. साजूक तुपात ती साठ टक्क्यांच्या वर, शेंगदाणा तेलात विसाच्या आसपास. तेल सोडून तूप धरणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. ओट्स किंवा जवातलं बीटा-ग्लुकन (पाण्यात विरघळणारा तंतू) रोज ३ ग्रॅम पोटात गेलं तर एलडीएल साधारण पाच टक्के उतरतं. त्यासाठी कोरडे ओट्स पाऊणशे ग्रॅम लागतात, दुधावर भुरभुरवलेले दोन चमचे नव्हे. आणि १७२ मधून पाच टक्के गेले तर उरतात १६३.

रानवारा: ताई, माझी आजी भातावर तुपाची धार धरायची. ९१ वर्षं जगली. आणि टोरोंटोच्या जेन्किन्स यांचा २००३ चा प्रयोग वाचा. ओट्स, जव, सोया, बदाम, वनस्पती स्टेरॉल (झाडापाल्यातलं कोलेस्टेरॉलसारखं द्रव्य). महिन्याभरात एलडीएल २८ टक्क्यांहून जास्त खाली. जवळजवळ गोळीइतकंच!

निशिगंधा: वाचलाय. लोकांना ते खाणं पुरवलं होतं, आणि त्यात तूप नव्हतं. आमच्याकडे ते पुरवणार कोण? सकाळी सासूबाईंची मऊ खिचडी, ह्यांची बिनफोडणीची भाजी, मुलाचा पराठा. ‘आहार बदलला’ असं पुरुष सांगतात तेव्हा घरात कढई कुणी बदलली ते विचारा.

घाटावरचा: रानवाराभाऊ, तुमची आजी विहिरीचं पाणी शेंदायची. तुम्ही पहिल्या मजल्यावर लिफ्टनं जाता. बाकी सगळ्यात वाईट खोबरेल, ऐंशी टक्क्यांहून जास्त संपृक्त. कोकणवाल्यांनी आधी नारळ आवरावा.

सोलकढी: आला का नारळावर! अहो, खोबरेलात स्वयंपाक केरळात. आमचं ओलं खोबरं, त्यात चोथा असतो. पिठल्यावर कच्चं तेल ओतून खाणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये.

घाटावरचा: चोथा? सोलकढी करताना नारळ वाटून, पिळून, चोथा कुठे टाकता? गायीपुढे. म्हणजे तंतू गायीला आणि चरबी तुम्हाला.

सोलकढी: तुमच्या मिसळीवरची तर्री बोटभर असते, ती कोणाला? आणि आमच्याकडे बांगडा असतो. तुमच्याकडे फरसाण.

घाटावरचा: बांगडाही तळूनच खाता ना! रव्यात घोळवून!

परीक्षानळी: नारळ फोडून झाला असेल तर एक विचारू? वीस वर्षं लॅबमध्ये रक्त काढतोय. रानवारा, गोळी नेमकी कधी बंद केली, आणि ११८ चा रिपोर्ट कुठल्या तारखेचा?

रानवारा: गोळी ४ तारखेला सोडली. रिपोर्ट १२ चा. का?

परीक्षानळी: गोळीचा असर आठ दिवसांत पुसला जात नाही. तीन महिन्यांतले बारा आठवडे तुम्ही गोळीच खात होतात. ते ११८ गोळीचं आहे. दुधीला फुकट श्रेय मिळालं. (दुधी कडू लागला तर थेंबभरही पिऊ नका, विषबाधा होते.)

निशिगंधा: 😂 ह्यांना दाखवते.

रानवारा: हसा. माझं सहा किलो वजन उतरलं, तेही गोळीनंच का?

परीक्षानळी: नाही, ते तुमचं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, उतरलं असेल तर त्याचं बरंच श्रेय उतरलेल्या वजनाला.

माळकरी: मी सहसा लिहीत नाही. वडील माळकरी, सडपातळ, पायी वारी करणारे. तुपाचं बोट नाही की अंड्याचं नाव नाही. पापण्यांवर पिवळसर चट्टे होते. आम्हाला वाटायचं उन्हानं आलेत, ते साठलेलं कोलेस्टेरॉल होतं. बावन्नाव्या वर्षी दिवेघाट चढताना छातीत कळ आली, सासवड दिसलंच नाही. नंतर माझं रक्त तपासलं, चोविसाव्या वर्षी एलडीएल २३०. असं रक्तातूनच वारशानं येणारं कोलेस्टेरॉल आईबापांपैकी एकाकडून आलं तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. मी ओट्स खातो, चालतो, आणि गोळीही घेतो. तो कचऱ्याच्या डब्याचा फोटो काढून टाकाल का, एवढंच.

रानवारा: फोटो काढून टाकला. माळकरीदादा, माफ करा. डॉक्टरांना उद्या फोन करतो. पण तूप वाईट हे मी मरेपर्यंत मानणार नाही.

निशिगंधा: मरेपर्यंत म्हणजे नक्की कधीपर्यंत, ते त्याच डॉक्टरांना विचारा. आणि गव्हात जव दळून आणा.

सोलकढी: जव म्हणजे जवस ना? चटणी करतात तो?

निशिगंधा: नाही हो. जव, बार्ली. जवस वेगळा.

रानवारा: अरे देवा. दोन किलो जवस गव्हात घालून गिरणीत दिलाय.

घाटावरचा: गिरणीवाल्याचं जातं चिकटलं म्हणा आता. पळा.