भुताचा सिनेमा पहिल्यांदा कुठे पाहिलात?

लहानपणी पार तंतरली होती, तरी आज रिकामा वेळ मिळाला की भुताखेतांचंच शोधून बघणारे इथे बरेच असणार. लिहा. सिनेमाची गोष्ट थोडक्यात, घाबरलात कशाला ते सविस्तर.

सुरुवात माझ्यापासून. गणपतीत आमच्या गल्लीत रस्त्यावर पडदा लागायचा. पुढची जागा मोठ्यांनी दुपारीच पोती टाकून अडवलेली, म्हणून आम्ही पोरं पडद्यामागे. तिथून सगळं उलटं. पाट्यांवरची अक्षरं उलटी, हिरो डावखुरा. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' (1984) मी असाच पाहिला. त्यातला राक्षस सामरी समोरून चालत येतोय आणि नेमका वारा सुटला. पडदा फुगला तो आमच्याच बाजूला. पोरं चपला टाकून पळाली. पुढे वाचलं, की सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल मुळात इंजिनिअर. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग शिक्षण फुकटच गेलं की!"

रातकिडा
हसू नका, पण मला 'झपाटलेला'ने (1993) झोपू दिलं नव्हतं. लक्ष्याच्या विनोदांवर घर खो-खो हसायचं आणि मी तात्या विंचूच्या डोळ्यांकडे बघत बसायचे. रामदास पाध्यांनी त्या बाहुल्यात जीवच ओतला होता, आणि माझी तक्रार नेमकी तीच. माझ्याकडे मावशीने दिलेली बाहुली होती, आडवी केली की डोळे मिटणारी. एका रात्री तिने एकच डोळा मिटला. सकाळी ती शेजारच्या बबलीला देऊन टाकली. बबलीने कधीच काही तक्रार केली नाही, ह्याचीही मला भीती वाटायची.

खालची आळी
सिनेमा नाही, टीव्हीवरची 'आहट' मालिका. फक्त सुरुवातीचं संगीत. पुढचं सगळं पांघरुणाखाली.

माजघर
'गोमू संगतीनं' सगळेच गुणगुणतात, पण ते गाणं ज्या सिनेमातलं आहे त्याने आमची दातखीळ बसवली होती. 'हा खेळ सावल्यांचा' (1976), आजोळी कोकणात, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर. शेवटी सगळ्याचा उलगडा होतो म्हणे. आमच्याकडे उलगड्याच्या आधीच वीज गेली, त्यामुळे नरसूचं भूत माझ्यापुरतं कॉलेजात जाईपर्यंत जिवंत होतं. संडास परसात, माडांच्या पलीकडे. मामा कंदील घेऊन पुढे, आम्ही भावंडं एकमेकांचे सदरे धरून मागे. आणि मामा मुद्दाम मध्येच थांबायचा. कंदील खाली ठेवायचा. "कोण रे ते?" म्हणायचा. बस्स, एवढंच. पुढे कित्येक भयपट पाहिले, पण मामाच्या त्या थांबण्याची सर कशालाच नाही.

उंबरठा
दादाने मला युक्ती शिकवली होती: आवाज बंद कर. 'झी हॉरर शो' चालू असताना करून बघितलं. आवाज काढल्यावर उरलं काय, तर धूर, निळा दिवा आणि उगाच करकरणारा दरवाजा, तोही मुका. हसायलाच यायला लागलं. तेव्हापासून मी भयपट बघण्यापेक्षा ऐकतो जास्त. रामगोपाल वर्माचा 'रात' (1992) रात्री हेडफोन लावून ऐका. गाडीखाली आलेलं मांजराचं पिल्लू पुरून झालेलं असतं, आणि तेच पुन्हा घरात दिसतं. हल्ली दर दहा मिनिटांनी दणका वाजवतात. तसं तर आमच्या सोसायटीचं गेट आपटलं तरी मी दचकतो.

सांजवात
माझी गोष्ट अलीकडची. 2018 मध्ये 'तुंबाड' पाहिला तेव्हा आमच्या खेळाला मोजकी डोकी होती. 2024 मध्ये पुन्हा लागला (आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला!) तेव्हा लेकीला घेऊन गेले, ती आता नोकरी करते. कोसळता पाऊस, पडका वाडा, साखळीने जखडलेली म्हातारी. नारायण धारपांच्या भयकथा वाचत वाढलेल्यांना हे घर ओळखीचंच. लेकीला मात्र सगळं नवं. सिनेमातल्या हस्तर नावाच्या शापित देवाला भुलवायला कणकेची बाहुली न्यायची, तिथे तिने माझा दंड जो धरला तो सुटेपर्यंत मुंग्या आल्या. घरी आलो, पोळ्या व्हायच्या होत्या. मी परात पुढे ओढली तर म्हणते, "आई, आज खिचडी टाक."