मदत हवी आहे: जुन्या आयडीई डिस्कच्या वेगाचा हिशेब कुठे चुकतो आहे?

नमस्कार मंडळी,

अमळनेर तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात विंडोज एक्सपीवर चालणारा एक जुना संगणक आहे. त्याच्या ४० जीबीच्या आयडीई (म्हणजे रुंद पट्टीसारख्या केबलने जोडलेल्या, जुन्या पद्धतीच्या) डिस्कवर कानबाईची, लग्नाची आणि जात्यावरची अहिराणी गाणी आहेत, जी पूर्वी कॅसेटवरून सीडीच्या दर्जाने, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट या दराने, उतरवून ठेवली होती. गाणाऱ्या आजीबाईंपैकी बहुतेक जणी आता हयात नाहीत, त्यामुळे डिस्कने मान टाकण्याआधी हा साठा यूएसबी २.० च्या बाहेरच्या डिस्कवर हलवायचा आहे. अडचण विजेची आहे. दुपारी वीज गेली की इन्व्हर्टरवर हा संगणक जेमतेम दीड तास तग धरतो. म्हणून एकूण किती वेळ लागेल हे आधी कागदावर मांडायला बसलो आणि तिथेच अडकलो.

विंडोज हा साठा २७ जीबी दाखवते. विंडोजची जीबी १०२४ च्या पटीत असते, म्हणून प्रत्यक्षात हे सुमारे २,८९९ कोटी बाइट होतात (याच कारणाने ४० जीबीची डिस्क ३७.२ जीबीच दिसते, आणि विक्रेत्याने फसवले असे मी कित्येक वर्षे समजत होतो). डिस्क अल्ट्रा एटीए १०० या आयडीईच्याच वेगवान प्रकारची आहे. यातले १०० म्हणजे सेकंदाला १० कोटी बाइट असे धरले, तर सगळे काम पाच मिनिटांच्या आत व्हायला हवे. यूएसबी २.० चे ४८० मेगाबिट आठाने भागून ६० मेगाबाइट येतात, त्या हिशेबानेही आठ मिनिटे पुरेत.

प्रत्यक्षात ७०० एमबीचा एक फोल्डर उतरायला ३ मिनिटे ४० सेकंद लागली. म्हणजे वेग सेकंदाला ३३ लाख बाइटच्या आसपास, आणि संपूर्ण साठ्याला जवळजवळ दोन तास पंचवीस मिनिटे.

यूएसबीचे पोर्ट जुने १.१ प्रकारचे असेल अशी शंका प्रथम आली, पण त्याचे १२ मेगाबिट म्हणजे सेकंदाला १५ लाख बाइट, आणि मला तर त्याच्या दुपटीहून अधिक वेग मिळतो आहे. पीआयओ या आयडीईच्या जुन्या, संथ पद्धतीतल्या मोड ० चा वेग मात्र नेमका ३.३ मेगाबाइट आहे. तर डिस्क त्या मोडमध्ये गेली आहे असे समजावे का? शिवाय साटाच्या (आयडीईनंतर आलेल्या डिस्क-जोडणीच्या) १.५ गिगाबिटला आठाने भागले तर १८७.५ मेगाबाइट येतात, पण सर्वत्र १५० लिहिलेले आढळते. यूएसबीलाही मी चुकीच्या आकड्याने भागतो आहे का?

उत्तर

आपला भागाकार बरोबर आहे, मात्र आकडा जुळला म्हणून मोड ० चा निष्कर्ष काढू नये. पीआयओमध्ये प्रत्येक शब्द (दोन बाइटचा तुकडा) प्रोसेसरला स्वतः उचलावा लागतो, त्यामुळे मोड ४ मध्ये असलेली डिस्कही प्रत्यक्षात तीन-चार मेगाबाइटवर रेंगाळू शकते. आयडीई केबलवरून एका फेरीत दोन बाइट जातात, म्हणून दोन बाइटना फेरीच्या वेळेने भागले की वेग मिळतो: मोड ० ची फेरी ६०० नॅनोसेकंदांची, म्हणून ३.३, मोड ४ ची १२० ची, म्हणून १६.७, आणि अल्ट्रा एटीए १०० मध्ये दर २० नॅनोसेकंदांना दोन बाइट, म्हणून १००. हा १०० सुद्धा केबलचा वेग आहे. त्या काळातल्या डिस्कच्या तबकड्या स्वतः तीस-चाळीसच्या पुढे क्वचितच जात, त्यामुळे पाच मिनिटांची अपेक्षा मुळातच सोडावी.

साटामध्ये प्रत्येक ८ बिटांसाठी तारेवर १० बिट पाठवले जातात, म्हणून तिथे दहाने भागावे. यूएसबी २.० मध्ये तशी रचना नाही, तिथे आठच योग्य. पण नियंत्रणाच्या संदेशांत बराच वेळ जातो आणि ६० पैकी तीस-पस्तीस हाती लागतात.

आता खरे दुखणे. एक्सपीला डिस्क वाचताना एकूण सहा वेळा चूक आढळली की ती डीएमएचा (प्रोसेसरला न गुंतवता डेटा थेट मेमरीत नेणाऱ्या वेगवान पद्धतीचा) वेग पायरीने कमी करते, चुका होतच राहिल्या तर अखेर पीआयओवर उतरते आणि आपणहून परत वर येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनलचा चालू मोड पाहावा. तिथे पीआयओ दिसल्यास ते चॅनल अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करावा. त्याआधी केबलही पाहावी: सेकंदाला ३३ मेगाबाइटच्या वरच्या वेगांना ४० ऐवजी ८० तारांची पट्टी लागते. पिना दोन्हींत सारख्याच असतात, ८० वालीच्या तारा मात्र बारीक आणि दाट दिसतात. चुका डिस्कच्याच असतील तर हा उपाय टिकणार नाही, म्हणून ज्या गाण्यांची दुसरी प्रत नाही ती आजच, आहे त्या वेगाने, उतरवून घ्यावीत.

प्रश्नकर्ता

आपल्या सांगण्याप्रमाणे कानबाईच्या गाण्यांचा फोल्डर काल रात्री वीज असतानाच संथ गतीने उतरवून घेतला. चालू मोड पीआयओच होता. खोका उघडल्यावर आत ४० तारांची केबल निघाली. मागे एका दुरुस्तीत सीडी ड्राइव्हची केबल डिस्कला लावली गेली असावी. जळगावहून ८० तारांची आणवली, निळे टोक मदरबोर्डला जोडले आणि चॅनल काढून संगणक पुन्हा सुरू केला. तोच ७०० एमबीचा फोल्डर आता ३० सेकंदांत गेला, म्हणजे सेकंदाला सुमारे अडीच कोटी बाइट. या वेगाने सगळा साठा वीस मिनिटांत हलायला हवा होता. लहान फायलींमुळे सव्वीस लागली.