खाणीतून निवृत्त झालेल्या बाबांना रूर भागात काय दाखवू?

इरई :

नमस्कार मंडळी. मी जर्मनीत ड्युसेलडॉर्फला राहते. मे महिन्यात आईबाबा पहिल्यांदाच इकडे येणार आहेत. बाबा बल्लारपूरकडच्या भूमिगत खदानीत मायनिंग सरदार (कामगारांवर देखरेख करणारे) होते, पुढे ओव्हरमन (त्याच्या वरचे पद) झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. राइनवरची बोट, कलोनचं कॅथेड्रल हे ठरलेलंच आहे. पण परवा फोनवर बाबांनी एकच विचारलं, "तिकडे कोळशाच्या मोठ्या खदानी होत्या म्हणे, बघू देतात का?"

शेजारच्या रूर या जुन्या कोळसा खाणींच्या प्रदेशात काय आहे ते शोधायला बसले तर यादी संपेना. कोळशाचं संग्रहालय, रेल्वेचं, फुटबॉलचं, प्रकाशकलेचं, बोटी उचलणाऱ्या लिफ्टचं, एक चक्क प्राचीन धर्मचित्रांचं. हाताशी चार-पाच दिवस आहेत. बाबांचा एक गुडघा दुखतो, जर्मन दोघांनाही येत नाही. आणि आईला कोळशाचं काडीचं कौतुक नाही. तिचा उभा संसार बाबांचे काळे कपडे घासण्यात गेला. तिलाही दिवस वाया गेला असं वाटू नये. काय ठेवू, काय गाळू?

एसेनवासी :

एसेनच्या त्सोलफेराइन या जुन्या कोळसा खाणीपासून सुरुवात करा, दुसरा विचारच नको. एसेन स्टेशनवरून 107 नंबरची ट्राम थेट दारात सोडते. तिथला 12 नंबरचा शाफ्ट (खाणीत उतरायची उभी विहीर) 1932 मध्ये चालू झाला. फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर या दोन वास्तुविशारदांनी तो सगळा परिसर लोखंडी सांगाडा आणि लाल विटांत बांधला. दिवसाला 12,000 टन कोळसा काढण्याची त्याची क्षमता होती. 1986 मध्ये खाण बंद झाली, शेजारची कोक भट्टी 1993 मध्ये, आणि 2001 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात नाव लागलं.

कोळसा धुण्याच्या इमारतीत आता रूर म्युझियम आहे. वर जायला 58 मीटर लांबीचा सरकता जिना आहे, त्यामुळे गुडघ्याची काळजी नको. गच्चीवरून सगळा प्रदेश दिसतो. जुन्या बॉयलर हाउसमध्ये नॉर्मन फॉस्टरने रूपांतर केलेलं डिझाइनचं संग्रहालय आहे, तेही आवर्जून बघा.

निर्गुडा :

इरई, मी वणीची. मामा राजूर कॉलरीत होते, त्यामुळे पाळी सुटल्याचा भोंगा अजून कानात आहे. आता गेल्झनकिर्शेनला वृद्धांच्या शुश्रूषेचं काम करते. माझ्याकडचे बरेच आजोबा एकेकाळचे खाणकामगार. त्यांच्याकडून जे ऐकलं आणि गावाकडच्या पाहुण्यांना घेऊन जे पाहिलं त्यावरून सांगते.

एसेनवासींनी सांगितलेली जागा सुंदरच आहे, पण तुझ्या बाबांसाठी मी ती पहिली ठेवणार नाही. तिथली यंत्रं गप्प आहेत. ज्याने कमरेला बॅटरी बांधून पाळ्या केल्या त्याला इमारतीपेक्षा कोळशाचं तोंड, म्हणजे जिथे कोळसा तोडतात ती जागा, बघायचं असतं. डिझाइनचं संग्रहालय तर मी गाळीनच. खुर्च्या आणि किटल्या ड्युसेलडॉर्फमध्येही दिसतात.

पहिला दिवस बोखुमला दे. स्टेशनवरून यू-35 ही मेट्रो पकडलीस की थांब्याचं नावच खाण-संग्रहालयाचं आहे. हे संग्रहालय 1930 मध्ये सुरू झालं. वर जो हिरवा मनोरा दिसतो तो डॉर्टमुंडच्या गेर्मानिया खाणीचा, 1973 मध्ये तिथून हलवून इथे उभा केला. उंची 70 मीटरच्या वर, आणि लिफ्टने वर जाता येतं. खाली जमिनीत सुमारे 20 मीटरवर खाण आहे. इथून कधी कोळसा निघालेला नाही, शिकवायला आणि दाखवायलाच ती खोदली. हे बाबांना आधीच सांगून ठेव. ते छताकडे एकदा बघतील आणि ओळखतील. तरी त्यांना ती आवडेल, कारण लाकडी टेकूंपासून हायड्रॉलिक आधारांपर्यंतचा सगळा बदल एका फेरीत डोळ्यांसमोरून जातो.

आणि इथे त्यांना खरा फरक कळेल. आपल्याकडे भूमिगत खाणीत बहुतेक बोर्ड अँड पिलर. कोळशाचे खांब सोडत गॅलऱ्या काढायच्या, मग मागे येताना डिपिलरिंग, म्हणजे तेच खांब काढून घ्यायचे. चंद्रपूर-वणीचे थर जाड आणि त्या मानाने उथळ, म्हणून ते जमतं. रूरमध्ये थर पातळ, बरेचसे एक-दोन मीटरचे, आणि शेवटी शेवटी हजार मीटरहूनही खोल. तेवढ्या भाराखाली खांब ठेवायचे तर फार मोठे ठेवावे लागतात, म्हणजे निम्मा कोळसा खालीच राहतो. म्हणून इथे लाँगवॉल. दोनशे-तीनशे मीटर लांबीच्या तोंडावरून यंत्र सुताराच्या रंध्यासारखं कोळसा सोलत जातं, लोखंडी आधार एकेक करून पुढे सरकतात आणि मागचं छत मुद्दाम पडू देतात. गोफात (कोळसा काढून झालेल्या, छत कोसळणाऱ्या पोकळीत) पाऊल टाकायचं नाही हे ज्यांच्या अंगात मुरलेलं आहे, त्यांना छत पाडत पाडत पुढे जाणारी ही पद्धत बघताना काय वाटेल याची मलाच उत्सुकता आहे.

दुसरा दिवस रेक्लिंगहाउजेनचा. हे नाव पर्यटकांच्या यादीत खाली कुठेतरी असतं, मी सगळ्यात वर लिहीन. तिथे नव्या कामगारांना शिकवण्यासाठी बांधलेली प्रशिक्षण-खाण आहे, मातीच्या जुन्या ढिगाऱ्याच्या पोटात. खाणी बंद झाल्यावर ती बुजवली जाऊ नये म्हणून निवृत्त खाणकामगारांनी संस्था काढली आणि आता तेच फेऱ्या घेतात. हेल्मेट चढवायचं आणि आत. आतली यंत्रं चालू करून दाखवतात. काच नाही, दोरी नाही. कन्व्हेयर सुरू झाला की बोलणं ऐकू येत नाही. मी एका पाहुण्या काकांना नेलं होतं, तेही आपल्या भागातले माजी शॉटफायरर, म्हणजे सुरुंग उडवणारे. वाटाड्या आणि काका, दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी एका आधारापाशी दोघे छताला हात लावून, ठोकून, कान देऊन उभे राहिले. छत पोकळ वाजतंय का हे बघायची रीत दोन्हीकडे तीच. आम्ही बाकीचे बाजूला थांबून राहिलो.

घाई करायला सांगते ती यासाठीच. जर्मनीतली शेवटची दगडी कोळशाची खाण, बोट्रॉपची प्रॉस्पर-हानिएल, 21 डिसेंबर 2018 ला बंद झाली. शेवटचा कोळशाचा तुकडा कामगारांनी राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांच्या हातात दिला. त्या संध्याकाळी आमच्या इथे टीव्हीसमोर सगळे आजोबा बसले होते आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी एकही उठला नाही. त्यातले किती तरी जण आता नाहीत. इमारती अजून शंभर वर्षं उभ्या राहतील. स्वतः खाली उतरलेला माणूस समोर उभा राहून सांगतोय, हे मात्र थोड्याच वर्षांपुरतं आहे.

आईंसाठी डॉर्टमुंडजवळची त्सोलर्न खाण. बोव्हिंगहाउजेन स्टेशनवर उतरून चालत जाता येतं. तिचं यंत्रघर रंगीत काचांच्या दरवाजाचं आणि संगमरवरी स्विचबोर्डचं. 1960 च्या दशकाच्या शेवटी ते पाडणार होते. छायाचित्रकार बेर्न्ड आणि हिला बेखर यांच्यासह काही लोक उभे राहिले आणि 1969 मध्ये ते वाचलं. कारखान्याची इमारत जपण्यासारखी असते, हा विचार या देशात तिथून रुजला. पण आईंना घेऊन जा ती कामगारांच्या न्हाणीघरात. वर छताला साखळ्यांनी कपडे टांगलेले. पाळी संपली की काळे कपडे वर ओढून टांगायचे, अंघोळ करायची आणि स्वच्छ होऊन घरी जायचं. धुवायला कपडे घरी यायचेच, पण माणूस तरी घरात काळा शिरत नसे. माझ्या मामी हे बघून बराच वेळ वर बघत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "आमच्याकडे एवढं केलं असतं तर?"

त्याच ओघात ओबरहाउजेनची आयझेनहाइम वसाहत. 1846 पासूनची कामगारांची घरं, मागे बाग आणि कोंबड्या-कबुतरांची जागा. 1970 च्या दशकात पाडापाडी ठरली तेव्हा रहिवाशांनीच लढून ती वाचवली. जुन्या सार्वजनिक धोबीघरात छोटंसं संग्रहालय आहे. उघडण्याच्या वेळा मोजक्याच, आधी बघून जा. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कॉलनीत राहिलेल्या बाईला तिथे काही समजावून सांगावं लागणार नाही.

रुळावरचा :

निर्गुडाताईंशी सहमत. एक भर घालतो. बाबांना यंत्रांची ओढ असेल तर वाल्ट्रॉपची हेनरिशेनबुर्ग बोट-लिफ्ट सोडू नका. 1899 मध्ये कैसर विल्हेल्म दुसरा यांनी तिचं उद्‌घाटन केलं. मालाने भरलेली अख्खी बोट पाण्याच्या हौदासकट 14 मीटर वर जायची. हौदाखाली पाण्याच्या विहिरींत पाच पोकळ तरंगते असतात. त्यांच्यावर सगळं वजन तोललेलं असल्याने उचलायला फारच थोडी शक्ती लागे. हौदातल्या पाण्याची पातळी किंचित बदलली की तोल एका बाजूला झुकतो, बाकीचं काम तो तोलच करतो. सत्तरेक वर्षं ती चालली. कालव्याकाठी बसायला बाकं आहेत, आईंना तिथे बरं वाटेल.

फुटबॉलचं आणि प्रकाशकलेचं संग्रहालय या खेपेला सोडा. उन्ना गावचं प्रकाशकलेचं केंद्र बिअरच्या कारखान्याच्या जुन्या तळघरांत आहे आणि मला फार आवडतं, पण ती वेगळी सहल आहे.

इरई :

निर्गुडाताई, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. न्हाणीघराचं ऐकून तीच म्हणाली, तिथे नक्की जायचं. बाबांचे दोन प्रश्न आहेत. खाणी बंद केल्यावर खालचं पाणी कुठे जातं? आणि वरची जमीन खचली नाही का? त्यांच्या शेवटच्या वर्षांत पाण्याच्या पंपांवरच त्यांची ड्यूटी होती, म्हणून विचारतात.

निर्गुडा :

बाबांना माझा नमस्कार सांग. प्रश्न अगदी मुळावर आहे.

पाणी कुठेच जात नाही, येतच राहतं. पंप आजही चालू आहेत आणि कायम चालू ठेवावे लागणार. जमीन खचलीच. एसेनचे काही भाग 20 मीटरहून जास्त खाली गेलेत. नद्या-नाले आपोआप वाहायचे ते आता पंपांनी उचलून वाहवावे लागतात. पंप थांबले तर या दाट वस्तीच्या प्रदेशात ठिकठिकाणी तळी साचतील. हा खर्च कुणी करायचा म्हणून 2007 मध्ये एक न्यास स्थापन झाला, आणि खाणी बंद झाल्यावर, 2019 पासून, तो पैसे भरतो.

एम्शर नदीचं तर याहून वाईट झालं. जमीन खचत राहिली की जमिनीखालची गटारं फुटतात, म्हणून शंभरएक वर्षं सगळं सांडपाणी उघड्या नदीतून नेलं. काँक्रीटचं पात्र, दोन्ही बाजूंना कुंपण. माझ्याकडचे आजोबा लहानपणी तिच्याजवळ खेळायला गेले की मार खायचे. खोदकाम थांबलं, जमीन स्थिरावली, तेव्हा कुठे खालून नळ घालता आले. 1992 पासून काम चाललं, पाच अब्ज युरोंच्या वर खर्च झाला, आणि आता नदीत सांडपाणी सोडत नाहीत. ओबरहाउजेनला गेलात की तिच्या काठाने थोडं चाला. तिथला 117 मीटर उंचीचा गॅसोमीटर, म्हणजे गॅस साठवायची जुनी टाकी, बाहेरून दिसेलच, आत एखादं प्रदर्शन चालू असेल तर तेही बघा, लिफ्ट आहे.

भाषेचं म्हणशील तर बोखुमला इंग्रजी पाट्या आहेत, त्सोलफेराइनला इंग्रजी फेऱ्या मिळतात. रेक्लिंगहाउजेनला तू दुभाषी हो. वाटाड्याला सुरुवातीलाच सांग की बाबा भारतातल्या कोळसा खाणीतले ओव्हरमन आहेत. साधारण दिसणाऱ्या गोष्टींपुढे मग तो थांबेल. 1963 पासून कोरियातून आलेल्या आणि 1961 च्या करारानंतर तुर्कस्तानातून आलेल्या खाणकामगारांबद्दलही विचार. बाबांच्या खदानीत तेलंगणा-छत्तीसगडचे लोक होते ना? तो धागा लगेच जुळेल.

सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात, तो दिवस राइनच्या बोटीला ठेव. रूरचं एकत्रित कार्ड काढलंस तर बऱ्याच ठिकाणी एकदा मोफत प्रवेश मिळतो, तिघांत पैसे वाचतात. दिवसाला एकच जागा, दुपारनंतर घरी. रेक्लिंगहाउजेनला नोंदणीशिवाय जाता येत नाही, तेव्हा त्यांना आधी मेल टाक आणि तारीख मिळाली की बाकीचे दिवस तिच्याभोवती बसव. आत जमीन खडबडीत आहे, बाबांना चांगल्या पकडीचे बूट आणायला सांग, आणि गुडघ्याचं मेलमध्येच लिही.