मदत हवी आहे: मांजरीच्या पिल्लांचं दूध सोडवताना घरी काय करून घालावं?

रातवा
चार पिल्लं आहेत, आज २९ दिवसांची. आई सोबत आहे आणि पाजते, पण हल्ली पिल्लं आचळांना लागली की उठून जाते. तिघांची वजनं ३९० ते ४५० ग्रॅम, सगळ्यात लहानीचं ३३५. पुढचे दात आणि सुळे दिसतात, दाढा अजून नाहीत. सध्या चिकनच्या छातीचा तुकडा उकडून, त्याचं पाणी ओतून टाकून, मिक्सरमधून काढून बशीत ठेवते. दोघं चाटतात, एक त्यात नुसतंच चालतं, लहानी तोंड फिरवते.
एवढ्यावर भागेल का? गाईच्या दुधात पातळ केलं तर चालेल का? आणि लहानीला सिरिंजने भरवू का?

बोरू
सिरिंजचं आधी, कारण ते घाईचं आहे. वाटलेलं मांस सिरिंजने घशात ढकलू नका. या वयात गिळण्याचा आणि श्वासाचा मेळ अजून कच्चा असतो. घास श्वासनलिकेत गेला की फुफ्फुसात सूज येते, आणि एवढंसं पिल्लू ते सोसू शकत नाही. लहानी आईचं दूध पीत असेल तर चार-सहा दिवस तिने खाल्लं नाही तरी बिघडत नाही. रोज एकाच वेळी काट्यावर ठेवा. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढ हवी. काटा जागच्या जागी राहिला तर मांजरीच्या पिल्लांसाठीची दूध पावडर कोमट पाण्यात कालवून बाटलीने द्या, पिल्लू पोटावर ठेवून, उताणं कधीच नाही. पंजे आणि तोंडाची आतली बाजू गार लागत असेल तर आधी ऊब द्या, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाचं पोट पचवतच नाही.

आता नुसत्या चिकनबद्दल. त्यावर भागणार नाही. मांसात फॉस्फरस भरपूर असतो आणि कॅल्शियम जवळजवळ नसतंच. ही तूट शरीर हाडांतून काढून भरून काढतं. काही आठवड्यांत पिल्लू उड्या मारायचं सोडतं, उचललं की ओरडतं, आणि साध्या उडीने हाड मोडतं. तोवर बाहेरून ते गुबगुबीतच दिसत असतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

अर्धा किलोचं प्रमाण असं: बिनहाडाचं मांडीचं मांस ४०० ग्रॅम, चिकनची हृदयं ७५ ग्रॅम, काळीज (म्हणजे लिव्हर) २५ ग्रॅम, एका उकडलेल्या अंड्याचा बलक, आणि अंड्याच्या कवचाची पूड साडेतीन ग्रॅम. छातीपेक्षा मांडी बरी, तिच्यात चरबी आणि टॉरिन (मांजरीला खाण्यातून मिळावंच लागणारं पोषकद्रव्य) दोन्ही जास्त. काळीज २५ च्या वर नेऊ नका. अ जीवनसत्त्व त्यातूनच मिळतं, पण रोज जास्त झालं तर तेच हाडांना बाधतं.

कवचं १० मिनिटं उकळून पूर्ण सुकवा, मिक्सरमध्ये पिठासारखी होईपर्यंत फिरवा आणि पातळ कापडातून चाळा. चिमटीत चोळल्यावर खर लागली तर परत फिरवा. पूड चमच्याने नको, काट्यावरच मोजा.

तांबडफुटी
बोरू यांच्या प्रमाणात एक भर घालते, आणि ती महत्त्वाची आहे: उकडलेलं पाणी टाकू नका. टॉरिन पाण्यात उतरतं. माणसाच्या शरीरात ते तयार होतं, मांजरीच्या शरीरात पुरेसं होत नाही. ते बरेच दिवस कमी पडलं तर डोळ्याचा पडदा आणि हृदयाचे स्नायू खराब होतात. म्हणून मांस बुडेल इतक्याच पाण्यात, झाकण ठेवून, आतला गुलाबी रंग जाईपर्यंतच शिजवा आणि त्याच पाण्यात वाटा. मीठ, मसाला काही नाही. कांदा-लसूण तर पूडसुद्धा नाही, तांबड्या रक्तपेशी फुटतात.

गाईचं दूध नको. त्यातली साखर बहुतेक पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात. पातळ करायला हेच पाणी किंवा पिल्लांच्या पावडरचं दूध वापरा.

पहिले तीन-चार दिवस मिश्रण चमच्यावरून धारेने पडेल इतकं सैल ठेवा. मग रोज थोडं पाणी कमी करा. सहाव्या आठवड्याच्या सुमाराला दाढा आल्या की बारीक खिम्यावर या. सुरुवातीला प्रत्येकी एक चहाचा चमचा, दिवसातून चारदा. बशी उथळ हवी, खाणं अंगाच्या उबेइतकं कोमट. फ्रीजमधल्या गार मिश्रणाला वासच येत नाही, आणि पिल्लं नाकाने खातात. लहानी बहुतेक त्यामुळेच तोंड फिरवत असेल. बोटाच्या टोकावर थेंबभर घेऊन तिच्या वरच्या ओठाला लावा, ती चाटेल. तिचं नाक बशीत दाबू नका. बशीतलं उरलेलं अर्ध्या तासात फेका. बाकीचं बर्फाच्या साच्यात गोठवा, म्हणजे एका वेळेपुरत्या वड्या निघतील. शेजारी पाण्याची उथळ वाटी आत्तापासूनच ठेवा.

रातवा
खूप आभार दोघांचेही. पाणी मी रोज ओतून टाकत होते. आणखी एक, आज दुपारपासून दोघांची शी पातळ, पिवळसर आहे. खाणं बंद करू का?

बोरू
पूर्ण बंद नको. आज मिश्रण निम्मं करा, आईचं दूध चालू राहू द्या. नवीन खाण्याने एक-दोनदा शी सैल होते. पण पाण्यासारखी झाली, रक्त दिसलं, पिल्लू मलूल झालं किंवा हिरड्यांना बोट चिकटू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, उद्यावर टाकू नका. इतक्या लहान शरीरातलं पाणी काही तासांत उतरतं. जाताना ताजी शी डबीत न्या. जंतांचं औषध दिलं नसेल तर तेही तेव्हाच वजन सांगून विचारा, पातळ शीचं ते नेहमीचं कारण आहे.

आणि हे घरचं खाणं आठ-दहा दिवसांचा पूल म्हणूनच ठेवा. त्यात आयोडीन, ई आणि ड जीवनसत्त्व कमी पडतं. वड्यांमध्ये पिल्लांसाठीचं तयार संपूर्ण ओलं खाद्य थोडं थोडं मिसळत जा, आठव्या आठवड्यापर्यंत पूर्ण त्यावर या. पुढेही घरचंच द्यायचं असेल तर पशुवैद्याकडून पूरक पावडरीसकट पाककृती लिहून घ्या.

तांबडफुटी
बशीत चालणाऱ्या पिल्लाचंही सांगते. खाणं झाल्यावर कोमट ओल्या फडक्याने हनुवटी, छाती आणि पंजे पुसा, बोटांच्या बेचक्यांसकट. तिथे मिश्रण वाळून खडा धरतं, कातडी लाल होते. नंतर कोरड्या फडक्याने पूर्ण कोरडं करूनच आईजवळ सोडा. ओल्या केसांनी पिल्लू लगेच गार पडतं.